औषध बाधले काय?

एच.आय.व्ही.चे औषध सुरू केल्यावर थोड्याच आठवड्यांत ताप चढला, मानेत गाठी उठल्या, तर "औषध बाधले" असे म्हणून ते टाकून देणारे लोक आम्ही खेडोपाडी पाहिले आहेत. ही समजूत प्राणघातक आहे. हिचे निरसन प्रत्येक उपदेशकास करिता आले पाहिजे.

हा विषाणू शरीराच्या रक्षक पेशींचा नाश करितो. मग इतर रोगांचे फावते. आपल्या देशात त्यांमध्ये क्षयरोग प्रमुख होय. औषधाने पेशी पुन्हा वाढल्या म्हणजे त्या आत लपलेल्या क्षयाशी झगडू लागतात, आणि त्या झगड्याचा ताप बाहेर दिसतो. निजलेला राखणदार जागा होऊन चोराशी भिडला, तर घरात गलबला व्हावयाचाच. अशा वेळी औषध आपल्या मनाने सोडू नये. तत्काळ डॉक्टरांस दाखवावे.

ह्यास्तव आरंभीच क्षयाची तपासणी करितात. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनाची घट, ह्यांपैकी एक लक्षण असले तरी पुरे. खोकल्याचे दिवस मोजीत बसू नये. क्षय आढळल्यास बहुधा त्याचे औषध आधी देतात, व लवकरच दुसरे. छत्रपती संभाजीनगरास घाटीच्या सरकारी दवाखान्यात ही औषधे फुकट मिळतात.

बंधूंनो, आजाऱ्यास सोबत करा. परंतु त्याच्या रोगाचे नाव सभेत घेऊ नका. संमतीवाचून ते उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे; प्रीतीने तर ती पूर्वीच केली होती.