डिझेल गाडी चालू होत नसेल तर : इंधन पंपाची परीक्षा

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड व कळमेश्वर या तालुक्यांत आंबिया बहाराची संत्री तोडणीस येतात त्याच सुमारास रात्रीचा गारठा वाढू लागतो. माल भरलेली गाडी पहाटे निघून कळमन्याच्या बाजारात वेळेवर पोहोचावयाची असते. अशा वेळी जीप, पिकअप किंवा ट्रॅक्टर चालू झाला नाही तर तोडलेल्या फळांचा एक दिवस वाया जातो व बाजारात भावही उतरतो. घाईच्या प्रसंगी पहिला आरोप बहुधा इंधन पंपावर येतो. पंप उतरवून शहरात पाठविला जातो, तो परत येईपर्यंत तीन-चार दिवस जातात, आणि पुष्कळ वेळा असे आढळून येते की पंप निर्दोष असून दोष टाकीच्या झाकणात, नळीच्या सांध्यात किंवा बॅटरीत होता. पंप हा संशयितांच्या यादीत शेवटी यावयास पाहिजे. त्याच्यापर्यंत कोणत्या क्रमाने पोहोचावे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस ठाऊक असल्यास शेतकऱ्याचा नाहक खर्च वाचविता येतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते, आणि त्या तप्त हवेत तेलाचा अत्यंत बारीक फवारा मारला की तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी झाले तेव्हा तेल आत फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेचे अवजड साधन लागत असे. बॉश कंपनीने १९२७ पासून छोटे व अचूक पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला, त्यानंतरच लहान गाड्यांत डिझेल इंजिन बसविणे व्यवहार्य झाले. भारतात १९५१ साली स्थापन झालेल्या मायको या कंपनीने हे पंप बनविले. २००८ मध्ये तिचे नाव बॉश असे झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘इंधन पंप’ या एका नावाखाली दोन वेगळी यंत्रे मोडतात. पहिला फीड पंप, जो टाकीतून तेल ओढून गाळणीमार्गे पुढे ढकलतो. त्याचा दाब अल्प असतो. दुसरा इंजेक्शन पंप, जो तेच तेल प्रचंड दाबाने नोझलकडे पाठवितो. फीड पंप स्वस्त असून गावचा मिस्त्रीही तो बदलू शकतो. इंजेक्शन पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांमधील फट मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कित्येक पट कमी असते. त्यात धुळीचा कणही खपत नाही. असा पंप कडुनिंबाखाली बाजेवर उघडून बसणे म्हणजे चांगल्या पंपाची माती करणे होय.

तपासणीचा आरंभ तेलापासून नव्हे, तर सेल्फपासून करावा. सेल्फ मारल्यावर इंजिन झपाट्याने फिरते की कण्हत फिरते, हे कान देऊन ऐकावे. हळू फिरणाऱ्या इंजिनात हवा पुरेशी तापत नाही आणि मग तेल कितीही आले तरी ते पेटत नाही. थंडीत बॅटरीची शक्ती उतरते व इंजिनातील वंगण दाट होते, त्यामुळे हिवाळ्यातील बऱ्याच तक्रारींचे मूळ याच ठिकाणी असते. बॅटरीची टोके साफ व घट्ट आहेत काय ते पाहावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी.

इंजिन जोमाने फिरत असेल तर दुसऱ्या माणसास सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावयास सांगावे. धुराची साक्ष फार मोलाची असते. सेल्फ मारताना धूर मुळीच दिसत नसेल तर सिलिंडरमध्ये तेल पोहोचत नाही असे समजावे. पांढुरका, डिझेलचा वास येणारा धूर निघत असेल तर तेल आत येत आहे, परंतु जळत नाही. अशा वेळी पंपाच्या मागे न लागता ग्लो प्लग असलेल्या गाडीत ते तापतात की नाही, तेलात पाणी गेले आहे काय आणि इंजिनाचा दाब शाबूत आहे काय हे पाहावे. पंपाची वेळ चुकल्यासही असा धूर येतो. तथापि पंप नुकताच काढून बसविला असेल किंवा टायमिंग बेल्टचे काम झाले असेल, तरच ही शंका प्रथम घ्यावी.

धूर नसेल तर तेलाच्या मार्गाने टाकीपासून पुढे चालावे. टाकीत तेल आहे किंवा नाही यासाठी काट्यावर विसंबू नये. शक्य असेल तेथे स्वच्छ काठी घालून पाहावे. झाकणातील हवेचे छिद्र मातीने बुजले असल्यास टाकीत पोकळी निर्माण होऊन तेल ओढले जात नाही. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज येऊन त्यानंतर गाडी चालू झाली तर रोग सापडलाच. जुन्या जीपमध्ये व ट्रॅक्टरमध्ये इंजिन बंद करण्याची ओढ-दोरी असते. ती ओढलेलीच राहिली किंवा गंजून अडकली तर पंप तेल सोडत नाही. ही बाब क्षुल्लक वाटते, तरीही तिच्यापायी पंप उतरविले गेल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

यानंतर गाळणीवरील हवा काढावयाचा स्क्रू थोडा सैल करून हाताने चालणारा छोटा पंप दाबावा. स्वच्छ तेलाची अखंड धार आली तर टाकीपासून गाळणीपर्यंतचा मार्ग ठीक आहे. बुडबुडे येत राहिले तर गाडीने हवा घेतली आहे. दाबला जातो, पण द्रव दाबला जात नाही, म्हणून थोडीशी हवाही इंजेक्शन पंपास निरुपयोगी करून सोडते. हवा टाकी व फीड पंप यांमधील ओढणाऱ्या भागातून शिरते. तेथे गळती असली तरी तेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत जाते, आणि त्यामुळे डोळ्यांस काहीच दिसत नाही. रबरी नळीच्या भेगा, सैल क्लिप, गाळणीचे चेपलेले वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार होत. रात्रभर उभी राहिल्यावरच गाडी अडून बसत असेल व एकदा हवा काढल्यावर दिवसभर बिनतक्रार चालत असेल, तर दोष बहुतेक याच भागात असतो.

स्क्रूतून काहीच आले नाही तर नळी तुंबली आहे, गाळणी चोंदली आहे अथवा फीड पंप निकामी झाला आहे. फीड पंपाच्या बाहेरची नळी सोडून बाटलीत धरावी व सेल्फ मारावा. ठोके पडल्याप्रमाणे तेल उडाले पाहिजे. पडद्याच्या फीड पंपाची आणखी एक खूण आहे. त्याचा पडदा फाटला की तेल इंजिनाच्या ऑईलमध्ये उतरते. ऑईलची पट्टी काढून पाहावी. पातळी वाढलेली, ऑईल पातळ झालेले आणि वास डिझेलचा, असे आढळल्यास इंजिन चालवू नये. पंप व ऑईल दोन्ही बदलावीत, अन्यथा बेअरिंग जातील.

गाळणीपर्यंत तेल नीट येत असेल तरच इंजेक्शन पंपाकडे वळावे. फिरत्या जातीच्या पंपावर विजेवर चालणारी बंद-झडप असते. चावी फिरविताच तिचा ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज नसेल तर प्रथम तिची तार व फ्यूज तपासावा. हेही ठीक असल्यास, केवळ जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत, नोझलकडील नळ्यांचे नट एकेक आटा सैल करून सेल्फ मारावा. प्रत्येक नटाखालून तेल ठोक्याठोक्याने आले तर पंप आपले काम करीत आहे. नट पुन्हा आवळताच गाडी चालू होते असाही अनुभव येतो, कारण नळ्यांतील हवा निघून गेलेली असते. एकाही नळीत तेल नाही आणि वरील सर्व परीक्षा पार पडल्या आहेत, तेव्हाच पंप कामशाळेत पाठवावा.

गेल्या वीस वर्षांत आलेल्या कॉमन रेल जातीच्या गाड्यांस ही नट सैल करण्याची रीत कदापि लावू नये. त्यांच्या नळ्यांतील दाब हजार ते दोन हजार बारपर्यंत जातो. ट्रॅक्टरच्या टायरमधील हवेचा दाब एक-दोन बार असतो, यावरून कल्पना यावी. इतक्या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टोचल्याएवढी दिसते व सुरुवातीस दुखतही नाही, परंतु आतील मांस कुजून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे घडल्यास जखम बांधून स्वस्थ न बसता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. गळती शोधण्यासाठी नळीवरून हात फिरविणे हेही तितकेच घातक आहे. या गाड्यांत कार्यकर्त्याने इतकेच पाहावे: टाकीत विजेचा पंप असल्यास चावी फिरविताच त्याची दोन सेकंद गुणगुण येते काय, फ्यूज व रिले शाबूत आहेत काय, चावी ओळखणारा दिवा लुकलुकत तर नाही ना, आणि गाळणीतील पाणी काढले आहे काय. पुढील तपास संगणकीय यंत्रानेच व्हावा.

गाडी अडली की हवेच्या तोंडाशी पेटते फडके धरणे किंवा ईथरची फवारणी करणे हे प्रकार सर्रास चालतात. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथर अवेळी भडकून दट्ट्या फुटू शकतो. चुकून पेट्रोल भरले गेले असेल तर चावीसुद्धा फिरवू नये. पेट्रोलला वंगणाचा गुण नसल्याने पंपाची नाजूक अंगे घासली जातात. रॉकेलची भेसळही हेच नुकसान करते, फक्त सावकाश.

कडक थंडीची बाब वेगळी आहे. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा थंडीत डिझेलमधील मेणासारखा अंश गोठून गाळणी बंद होऊ शकते, विशेषतः उन्हाळ्यात भरून ठेवलेले तेल वापरल्यास. गाळणीवर कोमट पाण्याचे फडके गुंडाळावे. दिवटी किंवा शेगडी जवळ नेऊ नये.

बहुतेक बागायतदार शेतावर पिंपात तेल साठवितात. अर्धे रिकामे पिंप रात्री थंड झाले की त्यातील हवेची वाफ थिजून पाणी तळाशी बसते, आणि तेच पाणी पुढे गाळणीत व पंपात पोहोचून गंज आणते. म्हणून पिंप छपराखाली, मागील बाजूस किंचित कलते ठेवावे. तेल काढण्यापूर्वी दिवसभर हलवू नये, नळी तळापासून चार बोटे वर ठेवावी आणि उरलेला गाळ टाकीत ओतू नये. गाडीच्या गाळणीखालील निचऱ्याचा स्क्रू तोडणीच्या हंगामात दर आठवड्यास उघडून पाणी काढावे. पंप कामशाळेत द्यावाच लागला तर त्यासोबत एका चिठ्ठीवर कोणत्या परीक्षा केल्या, धूर कसा होता, कोणत्या नळीत तेल आले व कोणत्या नाही, हे लिहून पाठवावे. सोडलेल्या नळ्यांची तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने बांधून ठेवावीत.