ब्रेकचे बिल मोजून द्या

गाडीचा पुढचा ब्रेक करकरू लागला म्हणून कर्वेनगरातील एका गॅरेजात गेलो. मिस्त्री म्हणाला, “शेठ, पॅड, डिस्क, कॅलिपर, सगळेच बदलावे लागेल.” आम्ही कापडवाले, मोजल्याशिवाय तागा फाडत नाही. “मोजून दाखवा,” म्हटले. डिस्क किती झिजेपर्यंत चालेल, तो आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. मोजली तर त्याहून बरीच जाड निघाली. पॅडचा मसाला मात्र २ मिलिमीटरच उरला होता. तिथे काटकसर केली नाही, दोन्ही चाकांचे पॅड बदलले. कॅलिपर गळत नव्हता, अडकतही नव्हता, राहू दिला.

बंधूंनो, जुने पार्ट मागून घ्या, बिल पक्के घ्या. पोटापाण्यासाठी स्वतः टेम्पो चालवणाराही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. तक्रार करायची तर जिल्हा आयोगापुढे हेच बिल कामी येते.