पावसात मिस मारणारी गाडी ओली असतानाच तपासा

जून लागला, की नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात पहाटे भाजी भरणाऱ्या टेम्पोवाल्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडी मिस मारतेय, पुलावर उचलत नाही." माझ्या जुन्या पिकअपलाही एका पावसाळ्यात हेच दुखणं जडलं. मूळ सापडेपर्यंत पैसा आणि धंदा दोन्हींना चाट बसली. तशी ती दुसऱ्या कुणाला बसू नये म्हणून हे लिहितो आहे.

गाडी पेट्रोल-सीएनजीवर चालणारी, चार सिलिंडरची, इंजिन पुढच्या सीटखाली. कोरड्या रस्त्यावर काही तक्रार नसायची. पावसात माल भरून सायन-पनवेल महामार्गावरचा तुर्भ्याचा उड्डाणपूल चढायला घेतला, की तिसऱ्या गिअरमध्ये झटके सुरू. रेस वाढवावी तर गाडी आणखीच मरगळायची आणि मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायचा. नेरूळ-बेलापूरचा माल उतरवून गॅरेजला पोचेपर्यंत पाऊस थांबलेला असे, इंजिनाच्या उष्णतेने सगळं वाळलेलं असे, आणि गाडी एकदम सुरळीत. दोष दिसेना, तेव्हा अंदाज सुरू झाले. आधी प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप, मग इंजेक्टर साफ झाले. उघडीप असेपर्यंत बरं वाटायचं. पुढच्या सरीला मिसिंग परत यायचं.

निदान केलं ते एका जुन्या वायरिंगवाल्या काकांनी. एकही नट न खोलता त्यांनी गाडी मुद्दाम ओली केली. अंधार पडल्यावर मोकळ्या जागेत सीट उचलली, इंजिन चालू ठेवलं आणि फवाऱ्याच्या बाटलीतून एकेका कॉइलवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला. दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलपाशी निळसर ठिणग्या धातूवर उडताना दिसल्या आणि त्याच क्षणी इंजिन थरथरलं. कॉइल उपसून पाहिली, तर तिच्या टोकाचं रबरी बूट कडक होऊन चिरलेलं, आणि त्यावर जळाल्याची केसाएवढी काळी रेघ.

काका तिथेच थांबले नाहीत. सीटखाली पाणी येतंच कुठून, हे त्यांनी शोधलं. डाव्या पुढच्या चाकाच्या कमानीतला प्लास्टिकचा आडोसा खड्ड्यात आपटून तुटला होता. चाकाने उडवलेलं पाणी थेट इंजिनावर जात होतं. नवी कॉइल बसवून आडोसा तसाच ठेवला असता, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी तेच घडलं असतं.

पावसात आणि चढावरच का?

बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते, तेव्हा प्लगच्या फटीत ठिणगी पडते. बांधाला खेकड्याचं बीळ असलं, की पाणी वाफ्यात न जाता बिळातून निघून जातं. तसाच हा विजेचा दाब सोपी वाट शोधतो. चिरलेल्या रबरावर ओल आली, की वीज प्लगपर्यंत न जाता बाहेरूनच धातूवर उतरते. रिकामी गाडी संथ चालते तेव्हा सिलिंडरमधला दाब कमी असतो, थोड्या व्होल्टेजवर काम भागतं. माल भरून चढावर रेस दिली, की जास्त हवा आत जाते, दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि नेमकी तेव्हाच वीज बाहेर पळते. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून इग्निशनचा अशक्तपणा गॅसवर आधी उघड होतो. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या गाड्यांत हाच खेळ डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये आणि एचटी वायरींवर चालतो.

तपासणीचा क्रम

पहिलं काम इंधन बदलून पाहायचं. मिसिंग होत असतानाच सीएनजीवरून पेट्रोलवर या. दोन्हींवर सारखाच त्रास असेल तर संशय प्लग, कॉइल, वायरिंग किंवा हवेच्या वाटेवर. फक्त गॅसवर असेल तर आधी इग्निशन, मग गॅसचं किट. फक्त पेट्रोलवर असेल तर टाकीकडे वळा. सीएनजीवाल्यांच्या टाकीत थोडंसं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर साचला, तर टाकी रिकामी करून साफ करावी लागेल.

दुसरं काम स्कॅनर. पी ०३०० हा कोड मिसिंग कुठल्या एका सिलिंडरपुरतं नसल्याचं सांगतो. पी ०३०१ ते पी ०३०४ थेट सिलिंडरचा क्रमांक सांगतात. कोड वाचायच्या आधी बॅटरीची वायर काढू नका, नोंद पुसली जाते. पी ०३०२ आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि पावसात गाडी चालवा. कोड पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. जागचा हलला नाही, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहा. या तपासाला नवा पार्ट लागत नाही.

तिसरं काम फवाऱ्याचं. त्याआधी गॅसचा वास येत नाही ना, याची खात्री करा. वास असेल तर ही तपासणी करूच नका. फवारताना कॉइलला, वायरींना हात लावायचा नाही, सैल बाह्या-ओढण्या दूर ठेवायच्या. प्लग काढायचे असतील तर त्यांच्या विहिरीत साचलेलं पाणी आधी हवेने उडवा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. बूट बसवताना आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात द्या. साधं ग्रीस रबर फुगवतं.

चौथं काम अर्थिंग. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी हिरवी-पांढरी पडते. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी घासा किंवा बदला. माझ्या गाडीत हाही दोष निघाला.

मरगळ कोरड्या दिवशीही राहिली तर

कॉइल बदलल्यावर झटके थांबले, पण गाडीचा दम परतला नाही. कारण मिसिंगने तोवर दुसरं नुकसान केलं होतं. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तिथला बारीक छिद्रांचा सिरॅमिक ठोकळा अतिउष्णतेने वितळतो, वाट बुजते, आणि मग इंजिनाला श्वास सोडता येत नाही. गाडी संथ चालते तेव्हा ठीक, पण रेस धरून ठेवली की गुदमरते. खात्रीसाठी कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतात. २,५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या वर दाब दिसला तर वाट अडली आहे. मुळातली कॉइल या कन्व्हर्टरच्या मानाने अगदी स्वस्त असते. कन्व्हर्टर कापून तिथे नळी जोडून देणारे भेटतात. ते करू नका: धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो आणि पीयूसीही अडते.

मरगळीची आणखी साधी कारणंही आधी तपासून घ्या. एअर फिल्टर ओला आणि चिखलाने माखलेला असेल तर हवा अडते. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. पाण्यातून आल्यावर एखादं चाक फार तापलं असेल तर ब्रेक चिकटलाय.

डिझेल पिकअपला स्पार्क प्लग आणि कॉइल नसतात, म्हणून तिची तपासणी वेगळी. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढा, एअर फिल्टर आणि टर्बोचे होज पाहा, सेन्सरच्या कनेक्टरमध्ये ओल आहे का बघा.

रस्त्यावर आणि पावसाआधी

इंजिनाचा दिवा स्थिर पेटला तर सवडीने तपासणी चालेल. तो लुकलुकत असेल तर कन्व्हर्टर त्याच क्षणी भाजतो आहे असं समजा: रेस कमी करा, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या, लांबची फेरी रद्द करा. दुसरा धोका तुंबलेल्या पाण्याचा. सिडकोने नवी मुंबई वसवताना भरतीच्या पातळीखालच्या भागांसाठी धारण तलाव बांधले, तरी मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की सखल भागांत पाणी तुंबतंच. अशा पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

मे महिन्यातच चाकांच्या कमानींतले आडोसे, कॉइलचे बूट, अर्थची पट्टी, एअर फिल्टरचं झाकण आणि इंजिनाचा पट्टा एकदा नजरेखालून घाला. भाजीचा कचरा धुताना प्रेशरचा पाइप सीटखाली इंजिनावर मारू देऊ नका. कॉइलच्या विहिरीत पाणी तिथूनही भरतं.

हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. भरलेली पिकअप उड्डाणपुलाच्या मधोमध दम टाकते, तेव्हा मागून उरणच्या बंदराचे कंटेनर येत असतात, आणि ओल्या रस्त्यावर त्यांना थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून पावसातली मिसिंग ऊन पडलं म्हणून विसरून जाऊ नका. आणि मिस्त्री एखादा पार्ट बदलायला सांगेल, तेव्हा त्याला आधी विचारा: ओल्या गाडीत दोष डोळ्यांनी पाहिला का? पाहिला नसेल, तर पार्टचे पैसे काढू नका. बाटलीत पाणी भरून द्या आणि इंजिन चालू करा.