गाडीची वाट बघताना मत ठरवू नये

पोरी, शपथ घेऊन झाली, पेढे वाटून झाले, आता तू कॅलिफोर्नियाची मतदार. इथे मत फक्त माणसं निवडायला नसतं. थेट कायद्यावरही हो की नाही विचारतात. आणि ते मत मागायला कोणी दारात येतंच असं नाही, कधीकधी खिशातला फोन थरथरतो.

न्यूयॉर्कचं ऐक. २०१५च्या जुलैत तिथले महापौर बिल डी ब्लासिओ उबरसारख्या गाड्यांच्या संख्येला लगाम घालायला निघाले होते. कंपनीने ॲपमध्ये त्यांच्याच नावाचा एक पर्याय टाकला. तो दाबला की नकाशावरच्या गाड्या गायब, नाहीतर पंचवीस मिनिटं थांबा. सोबत महापौरांना ईमेल धाडायची सोय. महिना संपायच्या आत महापौरांनी माघार घेतली. लगाम बसला तो तीन वर्षांनी.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी गत. ऑफिसला उशीर होत असताना माणूस शहराचा विचार करत नाही, स्वतःचाच करतो. म्हणून गाडीची वाट बघताना आलेल्या निरोपावर मत ठरवू नकोस. मतपत्रिका निवडणुकीच्या जवळजवळ चार आठवडे आधी टपालाने घरी येते. फुटपाथवर घाई कसली?

आलेला निरोप वाचताना कुठलं बटण नाही ते आधी बघ. २०२० साली इथे प्रस्ताव २२ होता. ॲपवर गाडी चालवणारे कंपनीचे नोकर मानायचे की स्वतंत्र धंदेवाले, असा सवाल; ‘हो’ म्हणजे स्वतंत्र. चालकांच्या ॲपवर निरोप आला, त्याखाली बटणं दोनच: ‘प्रस्ताव २२ला हो’ आणि ‘ओके’. ‘नाही’ कुठेच नव्हतं. काही चालक कोर्टात गेले, पण न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला नाही.

मग गाळलेलं शोध. किमान वेतनाच्या १२० टक्के कमाईची हमी, असं त्या प्रस्तावात होतं, आणि ते खरंच होतं. मेख वेळेच्या हिशोबात होती. फेरी स्वीकारल्यापासून गिऱ्हाईक उतरेपर्यंतचाच वेळ धरायचा. पुण्यात स्टँडवर रांगेत उभा असलेला रिक्षावाला धंद्यावरच असतो ना? या हिशोबात नसतो. शिवाय विधिमंडळाला त्या कायद्यात बदल करायचा तर आठातली सात मतं लागतील, असंही कलम होतं. एवढं ॲपवर कोण वाचणार? कंपन्यांनी मिळून वीस कोटी डॉलरांहून जास्त ओतले, प्रस्ताव ५८ टक्क्यांवर मतांनी पास झाला आणि २०२४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला.

कंपनी म्हणते ते सगळं खोटंच, असंही धरू नकोस. स्वतंत्रच राहायचं म्हणणारे चालकही पुष्कळ होते. आणि गुडघ्यांमुळे मी स्वतः त्याच गाड्या बोलावते, उगाच सोवळं कशाला दाखवू?

पैसा ओतला की जमतंच असंही नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये २०१६ला चालकांचे बोटांचे ठसे घेण्याच्या गावाच्या नियमावरून मतदान झालं. उबर आणि तसल्याच लिफ्ट कंपनीने ऐंशी लाख डॉलरांहून अधिक खर्चले, तरी गावाने त्यांना नाही म्हटलं. दोन दिवसांत दोघींनी तिथला गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने गावाचा नियमच मोडीत काढणारा कायदा केला आणि दोघी परतल्या. म्हणजे गावात जिंकलीस तरी विधिमंडळाकडे कान ठेव.

नगरसेवकाला फोन करायचाच झाला तर आपल्या शब्दांत कर, ॲपने हातात दिलेला मजकूर वाचू नकोस. मार्च २०२४मध्ये टिकटॉकने लोकांना खासदारांना फोन करायला लावलं. कार्यालयांतले फोन खणखणले, फोन करणाऱ्यांत शाळकरी पोरंही होती. त्याच दिवशी खासदारांच्या समितीने टिकटॉकविरुद्धचं विधेयक ५० विरुद्ध शून्य मतांनी पुढे सरकवलं. चिडलेच ते.

आता फोन काढ. सेटिंग्जमध्ये ‘गाडी आली’ हे राहू दे, सवलती-बातम्यांच्या सूचना बंद कर. आणि सरकारकडून येणारी ती जाडी मतदार पुस्तिका जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत टाकू नकोस. दोन्ही बाजूंचं म्हणणं, एकमेकांना दिलेली उत्तरं, सरकारी तिजोरीवरचा परिणाम, सगळं तिच्यात असतं. २०२०ची माझ्याकडे अजून आहे, पेन्सिलच्या खुणांसकट. रविवारी येताना घेऊन येते.