चिंतेने कॅन्सर होतो का?

आमच्या शेजारच्या काकूंचा तरणा मुलगा वारला. पुढे काही वर्षांनी काकूंना तोंडाचा कॅन्सर झाला. लोक म्हणाले, "दुःख मनात कोंडून ठेवले, म्हणून रोग झाला." काकूंनाही तेच वाटे.

हे खरे आहे का? युरोपात सुमारे १ लाख १६ हजार माणसांची माहिती तपासली गेली. २०१३ साली तिचा निष्कर्ष छापला गेला. ज्यांना कामाचा ताण फार, त्यांना कॅन्सर जास्त होतो, असे दिसले नाही. दुःखाने कॅन्सर होतो, यालाही पक्का पुरावा नाही.

पण एक गोष्ट पाहा. मुलगा गेल्यावर काकूंना झोप येईना. त्या रात्री-अपरात्री मिश्री लावत बसत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे मात्र सिद्ध झाले आहे.

तेव्हा बायाबापड्यांनो, दुःख झाले तर रडा, माणसांशी बोला. पण तंबाखू जवळ करू नका. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. लवकर कळले तर रोग बरा होऊ शकतो. आणि आजारी माणसाला "तू चिंता केलीस म्हणून झाले" असे कधी म्हणू नका. त्याचे दुःख त्याला पुरे आहे.