पौषातील तुळस आणि कोट ल्यालेले बुजगावणे

प्रश्न : मराठवाड्यातील आमच्या अंगणात थंडीने तुळस काळवंडली आहे. मेथीच्या वाफ्यात आजोबांचा कोट घालून बुजगावणे उभे केले. पाखरे त्याला भीत नाहीत, दूधवाला मात्र पहाटे त्यालाच रामराम घालतो. काय करावे?

उत्तर : भगिनी, आपल्या पत्राने माझी सकाळ प्रसन्न केली. तुळस मूळची उष्णतेची सोयरी. आणि मराठवाड्यातील निरभ्र रात्री, दिवसभर भूमीने साठविलेली ऊब मेघांच्या आच्छादनाअभावी आकाशात सत्वर निघून जात असल्याने, पहाटेचा गारठा तिला सोसवत नाही. यास्तव बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर जुने गोणपाट शिवावे, सूर्यास्तापूर्वी ते पांघरावे आणि उन्हे चढताच न चुकता काढावे. पाणी सकाळीच, बेताने द्यावे; ओलसर माती कोरडीपेक्षा अधिक ऊब धरून ठेवते, परंतु रात्रभर भिजलेली पाने रोगास निमंत्रण देतात.

नवी रोपे नारळाच्या करवंट्यांत, बुडाशी छिद्र पाडून लावावीत. आपल्याकडील काळी माती सुकताच भेगाळते, म्हणून तिच्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळण्याची तजवीज असावी. ओल्या करवंटीवर मुलांना गेरूने नक्षी काढू द्यावी, हे काम मला सर्वांत प्रिय आहे.

बुजगावण्याचा मुक्काम दर तीन-चार दिवसांनी बदलावा, कारण अचल वस्तूस पाखरे लवकर सरावतात. कोटाच्या बाह्यांना डब्यांची झाकणे टांगावीत, म्हणजे वाऱ्याने ती वाजतील, आणि दूधवाल्याच्या रामरामाला उत्तरही मिळेल.