एमआरआयवरून सारकोमाच्या ग्रेडचा अंदाज कसा काढावा

मांडीत खोलवर पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ दिसली की सारकोमाची शंका येते आणि मग प्रश्न उरतो ग्रेडचा. पॅथॉलॉजिस्ट तो बहुधा एफएनसीएलसीसी या फ्रेंच पद्धतीने ठरवतात. पेशी मूळ ऊतीपासून किती बदलल्या, त्यांचं विभाजन किती वेगाने चाललंय आणि गाठीचा किती भाग मेलाय, या तिन्हींच्या गुणांची बेरीज २-३ आली तर ग्रेड १, ४-५ ला ग्रेड २ आणि ६ ते ८ ला ग्रेड ३. पण बायॉप्सीची सुई गाठीचा एवढासा तुकडा काढते आणि गाठ सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे ग्रेड प्रत्यक्षापेक्षा कमी निघण्याचा धोका राहतो. एमआरआयमध्ये अख्खी गाठ दिसते, म्हणून चित्रातल्या मापांवरून ग्रेड सांगणारं मॉडेल बनवायचा हा खटाटोप.

सुरुवात ग्रेडच्या नोंदी तपासण्यापासून करा. शस्त्रक्रियेत काढलेल्या पूर्ण गाठीवरचा ग्रेड सर्वांत भरवशाचा. मात्र त्याआधी केमो किंवा रेडिएशन झालं असेल, तर तो धरू नका. उपचाराने मेलेला भाग आणि मुळातच मेलेला भाग मग वेगळे ओळखता येत नाहीत. अशा रुग्णांचा बायॉप्सीचा ग्रेड घ्या आणि तशी नोंद ठेवा. एमआरआयही बायॉप्सीआधीचाच हवा, कारण सुईमुळे झालेला रक्तस्राव चित्रात उतरतो. एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, डायकॉम फायलींतून रुग्णाची ओळख काढून टाका. हात बसवायला ‘द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह’वर मॅकगिल विद्यापीठाचा ५१ रुग्णांचा संच मोफत मिळतो, त्यात गाठींच्या कडा तज्ज्ञाने आखलेल्या आहेत.

आता तुमच्या रुग्णांच्या कडा आखा. निम्मी मेहनत इथेच जाते आणि जायलाच हवी. थ्रीडी स्लायसरमध्ये फॅट-सप्रेस्ड टी-२ आणि कॉन्ट्रास्टनंतरचा टी-१ शेजारी-शेजारी लावा आणि एकेक स्लाइस पुढे सरका. टी-२ वर गाठीभोवतीची सूजही पांढरी दिसते, स्नायूंच्या धाग्यांमधून पिसासारखी पसरलेली. ती गाठीच्या कडेत घेऊ नका, पण टाकूनही देऊ नका; तिच्यासाठी वेगळा मास्क करा. गाठीच्या हद्दीबाहेर कॉन्ट्रास्ट उजळणं हे वरच्या ग्रेडचं एक लक्षण आहे. उलट गाठीच्या आतला, कॉन्ट्रास्ट न घेणारा मेलेला भाग मात्र कडेच्या आतच राहू द्या, कारण ग्रेडच्या बेरजेत त्याचा वाटा असतो. मिक्सॉइड लायपोसारकोमात टी-२ फसवा असतो: गाठ लख्ख पांढरी, जणू नुसता द्रव भरलेला. अशा वेळी कॉन्ट्रास्टचं चित्र पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नका. काही रुग्णांच्या कडा दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडूनही आखून घ्या. दोघांनाही ग्रेड माहीत नसावा.

सीटीतल्या हाउन्सफिल्डसारखं ठरलेलं एकक एमआरआयच्या आकड्यांना नसतं. म्हणून एन-फोर पद्धतीने चित्रातला असमान उजेड दुरुस्त करा, तीव्रता एका मापावर आणा आणि व्हॉक्सेल सगळ्या दिशांनी १ मिलिमीटरचे करा. मग चित्रातून मापं काढणारं पायरेडिओमिक्स हे सॉफ्टवेअर चालवा. मूळ चित्रावर ते आकार, तीव्रता आणि पोत यांची १०७ मापं देतं. सेटिंगची फाइल जपून ठेवा.

पुढची पायरी चुकली तर सगळंच फुकट जातं. आधी रुग्ण वेगळे करा, मापांची निवड नंतर. सगळ्या रुग्णांवर मापं निवडून मग शिकवणीचा आणि चाचणीचा गट पाडला, तर चाचणीची उत्तरं मॉडेलला आधीच फुटलेली असतात आणि एयूसी दिसतो देखणा, पण खोटा. म्हणून दोन रेडिओलॉजिस्टच्या आखणीत टिकणारी मापं ठेवणं, एकमेकांची री ओढणारी गाळणं, लॅसोने शेवटची मोजकी निवडणं, हे सगळं शिकवणीच्या गटातच करा. एका रुग्णाची चित्रं दोन्हीकडे जाता कामा नयेत. रुग्ण थोडे असतील तर तीन ग्रेडचा हट्ट सोडा आणि ग्रेड १ विरुद्ध २-३ एवढंच विचारा.

मग मॉडेलला साध्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभं करा: नुसतं गाठीचं आकारमान, किंवा रेडिओलॉजिस्टने डोळ्यांनी नोंदवलेली लक्षणं. त्यांना मागे टाकता येत नसेल तर ते मॉडेल वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टाकलंच, तर दुसऱ्या रुग्णालयाच्या, दुसऱ्या मशीनच्या चित्रांवर तपासा. वरचा ग्रेड निसटणं रुग्णाला महागात पडतं, तेव्हा निर्णयाची सीमारेषा सेन्सिटिव्हिटी पाहून ठरवा.

मॉडेलचं उत्तर बायॉप्सीची जागा घेत नाही. बायॉप्सी ग्रेड १ म्हणते आणि मॉडेल वरचा ग्रेड, असं झालं तर सुई कुठे गेली होती ते पाहा. मेलेल्या किंवा कडेच्या भागातून तुकडा आला असेल तर ट्यूमर बोर्डात फेरबायॉप्सीचा विषय काढा आणि कॉन्ट्रास्ट घेणारी जागा चित्रावर खूण करून दाखवा. सुईचा मार्ग आधी सर्जनशी बोलून ठरवा. गाठ काढताना तो मार्गही काढता यायला हवा.